विहिरीत कोण पडणार?

मी भाराभर कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि त्यातली एकही मला सुचलेली नाही.

मालिका संपत आली किंवा सिनेमा येणार असला की त्याची संहिता मुंबईहून माझ्याकडे जळगावला येते आणि मी तिची कादंबरी करतो. शेवट पडद्यावर यायच्या आधी पुस्तक तयार हवं, म्हणून शेवट मला सगळ्या महाराष्ट्राच्या आधी कळतो. काम सोपं नाही बरं! मालिकेत सासूने रागाने पाहिलं की कॅमेरा तीनदा तिच्या तोंडावर आदळतो. हे कागदावर आणायचं कसं? मी लिहितो, ‘तिने पाहिले. तिने पाहिले! तिने पाहिले!!’ सिनेमातलं जोडपं केळीच्या बागेतून गाणं म्हणत निघतं आणि दुसऱ्या कडव्याला बर्फात पोचतं, तेही कपडे बदलून. तिथे मी ‘आणि मग थंडी वाढली’ एवढं लिहून हात झटकतो. मुखपृष्ठावर नायिकेचा परातीएवढा फोटो असतो. माझं नाव मागच्या बाजूला, किमतीच्या खाली, किमतीपेक्षा लहान.

घरात या लेखनाचा मान विचारू नका. बायको मंदा पाहुण्यांना सांगते, “हे टीव्हीत बघून बघून लिहितात.” (बघून नाही हो, दिसायच्या आधी! पण ऐकतं कोण?)

तर अशा माणसाच्या पोरीला, आमच्या पूनमला, धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा राहुल तिला इतका पसंत पडला, की त्याच्या फोनवरच्या विनोदांना ती हसायला लागली. (माझ्या विनोदांना ती आजवर कधी हसलेली नाही, यावरून प्रेम किती आंधळं असतं ते कळावं.) मुलाची आई म्हणजे सुमनअक्का. अख्खी गल्ली त्यांच्या धाकात. आणि त्या ‘उंबऱ्यातली ईश्वरी’ या मालिकेच्या भक्त! ज्या मालिकेची कादंबरी मी तेव्हा लिहीत होतो, तीच!

साखरपुडा धुळ्याला झाला. पंगतीत अक्का स्वतः वाढायला आल्या. हातात खापरावरची पुरणपोळी, रुमालासारखी पातळ आणि ताटाबाहेर लोंबणारी. ती माझ्या ताटावर अधांतरी धरून त्या थांबल्या.

“व्याहीभाऊ, ईश्वरीनं शेवटले काय व्हई?”

“अक्का, ते सांगता येत नाही. सही करून दिली आहे मी.”

पोळी वीतभर वर गेली.

“घरना मानूसले बी नही?”

मी मंदाकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. पोळीवरून तूप ठिबकत होतं, तेही शेजारच्या ताटात!

“सासू विहिरीत पडते,” मी कुजबुजलो. “मरता मरता सुनेची माफी मागते. घराच्या किल्ल्या ईश्वरीला.”

“मी कोनले सांगाव नही!” असं म्हणत अक्कांनी पोळी सोडली, वर दुसरी टाकली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. माझी पहिली पोळी संपायच्या आत आतून टाळ्यांचा आवाज आला. संध्याकाळी परतताना एरंडोलला उसाचा रस प्यायला थांबलो, तर रसवाला ग्लास पुढे करत म्हणाला, “भाऊ, ती सासू विहिरमा पडनार शे म्हने!”

तरी बातमी खरी ठरली असती तर काही बिघडलं नसतं. शेवटच्या भागाला अक्कांनी गल्ली घरी बोलावली, पेढे आधीच वाटले. इकडे आम्ही तिघं टीव्हीपुढे. मी तर पाय पसरून, विश्वनिर्मात्याच्या थाटात. सासू विहिरीपाशी आली. ईश्वरी आली. झटापट झाली. कॅमेरा तीनदा आदळला. आणि धप्पकन आत पडली... ईश्वरी!

सासू काठावर उभी राहून हसली आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘उद्यापासून नवी सून, त्याच वेळी!’

(मागाहून कळलं, की ईश्वरीला सिनेमा मिळाला होता. तिने मालिका सोडली, म्हणून त्यांनी तिला विहिरीत सोडलं. मला कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.)

“पप्पा,” पूनम म्हणाली, “हे काय?”

मी उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. धुळे!

“व्याहीभाऊ! बठ्ठी गल्ली मन्हाकडे देखी हासी राहिनी! पेढा खाईसन हासी राहिनी!”

“अक्का, टीव्हीवाल्यांनी ऐन वेळी...”

“ज्या घरमा सुनले न्याय नही, त्या घरनी पोर मी कशी करू? लगीन ऱ्हाऊ द्या आते!”

फोन बंद. पूनम आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मंदा माझ्याकडे बघत राहिली. तिने पाहिले. तिने पाहिले! तिने पाहिले!! आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, की मी ते बरोबरच लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी मंदाला घेऊन एसटीने धुळे गाठलं. वाटेत प्रकाशकाचा फोन. “शेवटचं प्रकरण बदला! सून विहिरीत टाका, संध्याकाळपर्यंत!” मी ‘हो’ म्हणालो. माझं सगळं करिअर त्या ‘हो’वर उभं आहे.

अक्का ओट्यावर गहू निवडत होत्या. वर पाहिलं नाही. मी बरंच बोललो. शेवटी सुपातच बघत त्या हळूच म्हणाल्या, “मी सून व्हतू ना भाऊ, तवय मन्हा शेवट कोनी बदला नही.”

मंदाने माझ्या हातातली पिशवी घेतली, त्यातून कागद-पेन काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. “लिहा,” ती म्हणाली. “अक्का सांगतील तसं.”

मग काय विचारता! अक्का सुटल्याच. सासू विहिरीत पडली. पण मरेल कशी? “मरनी तर सुटनी ना!” ईश्वरीने तिला दोराने वर काढलं, कोरडं लुगडं दिलं आणि चुलीपुढे बसवून गरम वरण-बट्टी वाढली. खाता खाता सासूच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी तरी कॅमेऱ्याची गरज पडली नाही. लिहिताना माझाच चष्मा धुरकटला. शेजारणी एकेक करून ओट्यावर जमल्या होत्या, त्यातली एकही हसली नाही.

प्रकाशकाला मी तेच प्रकरण पाठवलं. तो फोनवर ओरडला, मग वाचून झाल्यावर बायकोला वाचायला दिलं म्हणाला. पुस्तक तसंच निघालं आणि एसटी स्टँडवरच्या गठ्ठ्यांना पाय फुटले! लग्नही झालं. पूनम आता अक्कांच्या विनोदांनाही हसते.

आयुष्यात पहिल्यांदा वाचकांचे फोन आले. सगळ्यांचं एकच म्हणणं, शेवटचं प्रकरण काय लिहिलंय हो! बाकीच्या पुस्तकाबद्दल, म्हणजे जे मी लिहिलं त्याबद्दल, कुणी अवाक्षर काढलं नाही.

परवा प्रकाशकाचा फोन होता. नव्या मालिकेची संहिता पाठवतोय म्हणाला. मी म्हटलं, “पाठवा ना, पत्ता आहेच तुमच्याकडे.”

तो जरा चाचरला. मग म्हणाला, “तुमचा आहे हो. धुळ्याचा द्या!”