दोरीचं दुसरं टोक

पुंडलिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या बाजारातल्या आमच्या दुकानात कुणाचा तरी जन्मदाखला लॅमिनेट करत होतो. फोन सुलभावहिनींचा, म्हणजे पुंडलिकच्या बायकोचा. "भावजी, तुमचा दोस्त गेला," एवढंच म्हणाल्या. सकाळी उठला, चहा मागितला, आणि चहा यायच्या आत खुर्चीतच मान टाकली. मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो आणि दाखला यंत्रात अडकून करपला. त्या गिऱ्हाइकाला त्यापायी पंचायतीत दोन खेटे घालावे लागले, त्याची माफी इथंच मागून टाकतो. पण खरं सांगू? त्या क्षणी मला रडू आलं नाही. राग आला. आम्ही तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि हा बाबा भांडण तसंच अर्धवट टाकून निघून गेला. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. साधा कॅमेरा घ्यायचा झाला तरी मला कधी विचारलं नाही, तर जाताना विचारणार होता होय!

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं अशी रीत आहे. ती माझ्याकडून कितपत पाळली जाईल देव जाणे… पुंडलिक पेडण्याच्या बाजूचा, कोरगावचा. मी डिचोलीचा. दोघांनी मिळून स्टुडिओ काढला, पण स्टुडिओत त्याचं बूड कधी टेकलं नाही. "लोकांनी आमच्याकडे कित्याक येवचा? आम्ही जावया," असं म्हणून तो स्कूटरला किक मारायचा आणि आठवड्यातले पाच दिवस गावं हिंडायचा. लग्न, मुंज, शाळेचे गटफोटो, आणि सगळ्यात जास्त म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे फोटो, भिंतीवर लावायला. मी मागच्या खोलीत जनेलाला, म्हणजे खिडकीला, काळं फडकं लावून त्याचे रोल धुवायचो आणि कागदावर उतरवायचो. दोन तालुक्यांतले चेहरे मी आधी उलटे, काळ्याचे पांढरे झालेले पाहिले. ती माणसं प्रत्यक्षात पुष्कळदा पाहिलीच नाहीत. तो बाहेरचा, मी आतला, अशी वाटणीच होती आमची.

सामानाच्या बाबतीत हा मनुष्य वरमाईपेक्षा चिकित्सक. दोन कॅमेरे, तीन भिंगं, कॅमेरा ठेवायचं एक लोखंडी तिकाटणं जे उचलताना माझी कंबर धरायची. बाजारात छान छान बॅगा मिळत होत्या, पण त्याने साखळीच्या एका चांभाराकडून रेक्झिनची शिवून घेतली, कारण खाणीच्या ट्रकांची लाल धूळ चेनमध्ये जाऊन बसते म्हणे. आत वहिनींचं जुनं मऊ लुगडं फाडून त्याचे थर केलेले. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते म्हणून त्याने एक लाकडी पेटी बनवून घेतली होती. तिच्यात एक छोटा दिवा मिरगापासून नवरात्रापर्यंत सारखा जळत असायचा. "माझ्या लोणच्याला बुरशी आली तर चालते, ह्यांच्या काचांना येता कामा नये," वहिनी म्हणायच्या. त्यावर हा नुसता हसायचा.

एवढा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी. फोटोत माणसाच्या पापणीचे केस मोजता आले पाहिजेत. हा नियम त्याचा, आणि मोजायचं काम माझं. मी निगेटिव्हवर भिंग लावून खरोखर मोजायचो. कुठं जरा अंधुक दिसलं की पेन्सिलीने गोल करून त्याच्यापुढे टाकायचो, "जा, परत काढून आण." आणि तो जायचा बरं का! शिव्या देत जायचा, पण जायचा. "तुका काय कळता? तू आपलो काळोखात बसून कागद बुडवणारो," असं दारातून ओरडून जायचा.

पुढे डिजिटल आलं. मी दुकानात तसला एक कॅमेरा घेतला, पासपोर्ट फोटोंना तो बरा पडतो. झेरॉक्स, लॅमिनेशन, असलं सगळं आलं. पुंडलिक मात्र म्हाताऱ्यांचे फोटो फिल्मवरच काढत राहिला. तिथवरही माझी तक्रार नव्हती. पण चारेक वर्षांपूर्वी त्याने जो आचरटपणा केला, त्याने माझं डोकंच फिरलं. एके दिवशी त्याने आपले दोन्ही उत्तम कॅमेरे विकले आणि कुठूनसा एक जुनापुराणा डबा घेऊन आला. ना मीटर, ना फोकस दाखवणारी काच. भिंगाच्या कडीवर फूट लिहिलेले, तेवढ्यावर अंदाजाने चालवायचं.

"अरे, फोकस कशात बघणार तू? कपाळात?" मी विचारलं.

"बघूक कित्याक व्हया? अंतर म्हायत आसला म्हणजे झाला."

मी म्हटलं, दुकानातला डिजिटल ने, तो आपला आपण फोकस करतो. तर म्हणे, "यंत्रानाच ठरवचा तर मी कित्याक जाऊ?" पुढच्या खेपेला बघतो तर भिंगाच्या कडीवर वहिनींच्या नखांच्या लाल रंगाचे जाडजाड ठिपके. पाच फुटांवर एक, सात फुटांवर दोन, दहावर तीन. "भिंगाला हळदीकुंकू केलंस की काय?" मी म्हटलं. आणि कॅमेऱ्याच्या खाली एक दोरी बांधलेली, तिलाही मोकळ्या टोकापासून मोजून गाठी. पाच फुटांवर एक गाठ, सातवर दोन, दहावर तीन. फोटो काढायच्या माणसाने दोरीचं टोक आपल्या छातीशी धरायचं, याने दोरी ताणून गाठ चाचपायची, मग "सोड" म्हणायचं आणि बटण दाबायचं. हे असलं गारुड्यासारखं सोंग! चाळीस वर्षं हातात कॅमेरा धरलेला माणूस, पाच फूट नजरेने सांगता येऊ नये?

रोल यायला लागले. बघावं तो प्रत्येक माणूस छातीवर मूठ धरून उभा. दोरी सोडली तरी हात तिथंच राहायचा ना! कोण आजोबा, कोण आजी, कोण नवराबायको, सगळे आपले छातीशी मूठ. "काय रे, सगळ्या पेडणे तालुक्याच्या छातीत एकदम कळ आली काय?" मी ओरडलो. पण पापण्या? पापण्या मोजता येत होत्या. एकेक केस. मला त्याचाही राग यायचा, कारण बोट ठेवायला जागाच नसायची. त्याच सुमारास त्याने स्कूटर सोडली, बसने फिरायला लागला. कंबर दुखते म्हणाला. या वयात दुखायचीच, मी म्हटलं. दुकानात आला की पेपर माझ्यापुढे सरकवून म्हणायचा, "वाच, काय नवीन." मी वाचायचो. आळशी झाला, असं मनात म्हणायचो. एकदा मी झाडताना त्याचा नेहमीचा स्टूल बाजूला ठेवला होता, तर आल्या आल्या त्याच्यावर आपटला. "बघून चाल जरा!" मी खेकसलो. हे वाक्य आता मला जेवू देत नाही.

भांडण झालं ते माझ्याच फोटोवरून. मला सत्तर पुरी झाली, तेव्हा आमच्या हिने हट्ट धरला की जन्मभर दुसऱ्यांचे फोटो धुतलेत, तुमचा एक नको का घरात? पुंडलिकने काढावा असं ठरलं. चवथीच्या आधीचे दिवस, आभाळ भरलेलं, उजेड बेताचा. दुकानाच्या आतल्या भिंतीपुढे स्टुलावर मी बसलो. पुंडलिकने दोरीचं टोक पुढे केलं.

"धर."

"मी नाही धरणार."

"सगुण, धर मरे एकदा."

"मी काय खुंट्याचो बोकड? दुसऱ्यांकडे कर तुझी नाटकं. मला तू कालपासून बघतोयस काय?"

तो दोरीची गाठ बोटांत चोळत राहिला. मला वाटलं, चिडला. मग "बरा" म्हणाला, दोरी गोळा करून खिशात घातली, कडीवरचे ठिपके अंगठ्याने चाचपले आणि बटण दाबलं. रोल मीच धुतला. माझ्या पाठीमागचं कॅलेंडर स्वच्छ वाचता येत होतं, तिथी-नक्षत्रासकट. आणि पुढे बसलेला मी म्हणजे नुसता पिठाचा गोळा. नाक नाही, डोळे नाहीत. मी तो ओला कागद घेऊन तसाच बसने कोरगावला गेलो आणि वहिनींच्या देखत त्याच्यापुढे आपटला. गावातल्या कुणाबुणाच्या पापण्या येतात, आणि चाळीस वर्षांच्या दोस्ताला चेहराच नाही? कॅमेरा ठेवून दे आता, गेला तुझा हात… असं बरंच काही बोललो. लिहायची लाज वाटते. तो कागद बोटांनी चाचपत म्हणाला, "दोरी धरली असतंस तर…" आणि थांबला. मी पुढचं ऐकायला थांबलो नाही. तीन महिने त्याने रोल कुणाच्या तरी हाती पाठवले, मी धुऊन कुणाच्या तरी हाती परत केले. चिठ्ठी ना चपाटी.

बारावं-तेरावं झालं. त्याच्या शेवटच्या रोलांतले फोटो माझ्याकडे राहिले होते. ज्याचे त्याला पोचवायला नकोत? म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वाटेने हिंडायला निघालो. नार्व्याला एका आजींकडे गेलो. त्यांचा चेहरा मी पुरता ओळखत होतो, उजव्या भुवईवरच्या तिळासकट. त्या मला अर्थातच ओळखत नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, "दोरीवालो खंय रवलो?" मी सांगितलं. पदर तोंडाला लावून त्या जरा रडल्या. मग फोटो हातात घेऊन म्हणाल्या, "डोळे नाशिल्लो मनीस, पण काय फोटो काढी रे!"

मी म्हटलं, डोळे नसलेला म्हणजे?

"त्याका दिसत नव्हता ना. आमकां पयल्याच दिसा सांगल्यान, आजी, माजे डोळे गेले, तू दोरी धर, बाकीचा मी बघतंय. बसीकडे न्हेवक आमचो एक जाण जाय." माझ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "तुका सांगूक नाय त्याणे?"

नाही सांगितलं, आजी. सबंध नार्व्याला ठाऊक, कोरगावला ठाऊक, बसच्या कंडक्टरला ठाऊक. गावोगावची माणसं त्याच्यासाठी छातीशी मूठ धरून उभी राहिली, त्याला हाताला धरून दारापर्यंत नेत राहिली. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, त्याचे फोटो भिंग लावून तपासणाऱ्या शहाण्याला.

मी तिथून थेट वहिनींकडे गेलो आणि त्यांच्यावरच ओरडलो. गरीब बिचाऱ्या, नवरा जाऊन महिना झालेला, आणि मी ओरडतोय. त्यांनी ओरडू दिलं. मग शांतपणे सांगितलं. काचबिंदू. उजवा डोळा पुरता गेलेला, डाव्याने नुसते आकार कळायचे. समोर माणूस आहे एवढं कळायचं, नाकडोळे नाहीत. ते चांगले कॅमेरे त्याने विकले ते त्यांच्या काचेत काही दिसेना म्हणून. ठिपके, गाठी, कडी फिरवताना होणारे टकटक आवाज… सगळं सामान त्याने बोटांनी निवडलं होतं. आणि मी त्याला हळदीकुंकू म्हणालो.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मी कितीदा म्हटलं, सगुणभावजींना सांगा. स्वतःची शपथ घातली त्यांनी मला." वहिनी नवऱ्याच्याच बोलीत बोलल्या, जशीच्या तशी. "म्हणायचे, सगुणाक कळला काय तो माका बरा बरा म्हणतलो. तो गाळी घालता, तोपर्यंत माझे फोटो बरे आसत."

मला अजून त्याचा राग येतो. अरे, एवढाच विश्वास ठेवायचास? मी नसतं बरं बरं म्हटलं… असं मी म्हणतो खरं, पण म्हटलं असतं. त्याला चांगलं ठाऊक होतं. मी कच्चा रोलही गोड मानून घेतला असता, आणि मग त्याला त्याचं काम कळायला दुसरं काही उरलं नसतं. पण त्या दिवशी, पुंडलिक, त्या एका दिवशी तरी वाक्य पुरं करायचं होतंस.

वहिनींनी तो डबा आणि दिव्याची पेटी माझ्याकडे दिली आहे. पावसाळा नाही, तरी मी पेटीतला दिवा लावतो. दोरी काळोख्या खोलीच्या दाराशी खिळ्याला लटकते. एकदा मी तिचं टोक शर्टाच्या गुंडीशी धरून त्या स्टुलावर बसून पाहिलं. स्टूल जिथं होता तिथून पुंडलिक उभा होता तिथवर बरोबर पहिली गाठ येते. पाच फूट.

माझा तो पिठाच्या गोळ्याचा फोटो मी निगेटिव्हवरून परत उतरवून, चौकट करून दुकानात लावलाय, पासपोर्ट फोटोंच्या नमुन्यांच्या वर. गिऱ्हाइकं बघतात आणि हसतात. कालच एक जण म्हणाला, "काका, दुकानात असला बिघडलेला फोटो कशाला लावलाय?"

मी त्याला सांगितलं, फोटो बिघडलेला नाही. मी दोरी धरली नाही.