अकरा भरल्या घागरी

माझ्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे माझा मामा, सोसायटीचा चेअरमन होता तेव्हा काम सांगितलं की "करतो" म्हणायचा आणि करायचाही. झेडपीवर गेल्यावर "करू" म्हणायला लागला. आमदारकीबरोबर "बघू" आलं. आणि दुष्काळाच्या ऐन तडाख्यात तो राज्यमंत्री झाला. आता पुढचा शब्द कोणता, याची मला भारी उत्सुकता होती.

मिरजगावपासून आत असलेल्या आमच्या गावातल्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला होता. मी शाळामास्तर, त्यामुळे टँकरसाठी अर्ज खरडायचं काम माझ्याकडे. चार अर्ज कुठल्या तरी टेबलावर गडप झाले. मामा दौऱ्यावर येणार असं कळलं, तेव्हा पाचवा मी थेट त्याच्याच हातात द्यायचं ठरवलं.

आईची काळजी मात्र निराळीच होती. "माजा भाऊ मंत्री हून येतोय, त्याच्या म्होरं काय रिकाम्या घागरी धरायच्या व्हय?" सगळ्या गावाला ते पटलं. वेशीवर अकरा सवाष्णी भरल्या घागरी घेऊन उभ्या राहतील, असं ठरलं. पाणी नव्हतंच, म्हणून आईनंच युक्ती काढली. घागरीत गळ्यापर्यंत वाळू, तोंडाशी काठोकाठ भरलेली वाटी आणि वाटीची कड झाकायला आंब्याची पानं. एवढं डोकं आम्ही विहिरीचा गाळ काढायला लावलं असतं तर बरं झालं असतं.

जीप थांबली. वाळूच्या वजनानं बायका एका अंगाला कलल्या होत्या, त्यामुळे घागरी फारच भरल्यासारख्या दिसत होत्या. मामानं एकेका घागरीत डोकावून पाहिलं आणि सोबतच्या अधिकाऱ्याकडे वळला. "ह्या गावाला पानी न्हाई म्हनत हुता ना तुमी?" अधिकाऱ्यानं वहीतली एक ओळ खोडली.

मला एवढंच म्हणायचं होतं, मामा, खाली वाळू आहे. पण आई विधवा म्हणून मागे, भिंतीला टेकून उभी होती, आणि वडील गेल्यापासून तिला इतकी खूश मी पाहिली नव्हती. मी नुसता अर्ज पुढे केला.

तो न उघडताच मामानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघितलं की!"

आठवड्यात टँकर आला, तो शेजारच्या गावाला. आई रोज पहाटे दोन कळश्या घेऊन तिकडे रांगेत उभी राहायची. परक्या गावच्या बाया तिला मागे ढकलायच्या. आपण मंत्र्याची बहीण आहोत, हे तिनं तिथं कधीच कुणाला सांगितलं नाही.