ठेवा, मी बघते

"ठेवा, मी बघते."

मॅडमचं हे वाक्य कानावर पडलं की आमच्या डोक्याचा निम्मा ताप जायचा. आपण दारात उभं राहून अडचण सांगायला तोंड उघडावं, तोच त्यांचा हात पुढं यायचा, आपल्या हातातला कागद घ्यायचा आणि स्वतःच्या डाव्या कोपराखाली ठेवायचा. कोपराखाली गेला म्हणजे विषय मिटला. आपण मोकळे, चहा प्यायला.

परभणीजवळच्या आमच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात त्या प्लांट हेड होत्या. खाली सगळे गडी आणि वर ही एक बाई. सुरुवातीला "बाईला काय कळायलंय" म्हणणारे पुढं बाईला विचारल्याशिवाय पंख्याचं बटण दाबेनात. खोटं सांगत नाही, पंखा बदलायचा तरी मॅडमची सही लागायची. तुम्हीही असा एखादा साहेब पाहिला असेल, ज्याच्या हाताखाली लय सुख असतं. त्या सुखात माणूस किती लुळा होतो ते मला विचारा.

त्या दिवशी मॅडम मुंबईला हेड ऑफिसच्या बैठकीत होत्या. मी शिफ्ट इन्चार्ज. सकाळी अकराच्या सुमाराला सॉल्व्हंटचा वास सुटला. सॉल्व्हंट म्हणजे तेल काढायला वापरतात ते पेट्रोलसारखं द्रव. त्याचा वास आला की लाल बटण दाबून प्लांट बंद करायचा, हे आमच्या वॉचमनलाही माहीत. पण मॅडमचा नियम होता, मला विचारल्याशिवाय प्लांट थांबवायचा नाही. मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. बैठकीत फोन बाहेर ठेवायला लावतात, हे मला काय ठाऊक! मी आपला लावतच राहिलो. शेवटी आमचा ऑपरेटर काशिनाथ, ताडकळसचा, म्हणाला, "साहेब, कवर फोन लावता? मी व्हॉल्व बंद करतो," आणि आत गेला.

भडका एवढासाच झाला. काशिनाथ वाचला. हात मात्र दोन्ही मनगटांपर्यंत गेले.

चौकशीत पाइपच्या जोडातलं गॅस्केट खराब निघालं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, मी सगळ्यात मोठा. एकट्या मॅडम म्हणाल्या, "गॅस्केट नाही. मी." कुणी मागितला नव्हता तरी राजीनामा दिला आणि पुण्याला काहीतरी शिकायला गेल्या.

वर्षभरानं परत आल्या आणि वसमत रोडला वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. पाटी लावली, 'नेतृत्व कोचिंग'. आता परभणीत कोचिंग म्हणजे काय, ते सांगायला नको. पहिल्याच आठवड्यात गंगाखेडचे एक गृहस्थ पोरीला घेऊन जिना चढून आले. हा किस्सा मॅडमनीच मला पुढं सांगितला, स्वतः हसत हसत.

"मॅडम, नीटची बॅच कधी चालू व्हायलीय?"

"नीट नाही हो. इथं साहेब लोकांनी यायचंय."

"बरं. त्यांला काय शिकवता?"

"काहीच नाही. मी विचारते, ते बोलतात."

गृहस्थांनी पोरीचा हात धरला. "आन् त्याची फीस घेता?"

फीस द्यायला तरी कुणी यायला हवं होतं ना! ज्या बाईच्या केबिनबाहेर उभं राहायला जागा नसायची, तिच्या जिन्यात चपलेचा एक जोड नाही. मी रोज मोटरसायकलवरून त्या पाटीखालून जायचो. वर बघायचो. चढलो मात्र नाही. खरं सांगतो, मला भीती वाटायची की त्या मला त्या दिवसाबद्दल विचारतील.

पुढं मीच प्लांट हेड झालो आणि कंपनीनंच मला त्यांच्याकडं पाठवलं. मी सवयीनं कागद पुढं केला. त्यांचा हात उठला, अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि शाळेतल्या पोरीसारख्या ताठ बसल्या.

"मग खंदारे? तुमी काय करायचं म्हणता?"

च्यायला, ते कळत असतं तर जिना चढून आलो असतो कशाला! तीनदा भांडून उठलो. त्या दर वेळी तशाच, हातांवर बसलेल्या. चौथ्यांदा मी जाऊन एक काम केलं. जुना नियम काढला आणि नवी सूचना लावली, वास आला की जो जवळ असेल त्यानं प्लांट बंद करावा, कुणालाही विचारू नये. मॅडमना सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाल्या. शाबासकीसुद्धा नाही. असा राग आला होता!

गेल्या हंगामात रेश्मानं प्लांट बंद केला. रेश्मा आमची नवी शिफ्ट इन्चार्ज, पालमची. घरातली पहिली नोकरी तिची. वास आला म्हणाली. आम्ही इंच न् इंच तपासलं, गळती कुठंच सापडली नाही. दिवसभराचं काम बुडालं. दोन वाजता मुंबईहून डायरेक्टरांचा फोन, "पाचच्या आत त्या मुलीला काढल्याचं पत्र पाहिजे. नाहीतर तुमचं बघावं लागेल."

केबिनबाहेर रेश्मा उभी होती. रडत नव्हती. "सर, वास आला होता," एवढंच म्हणाली.

मी तडक मॅडमकडं गेलो. पत्र टाइप करून खिशात घेतलं होतं, ते टेबलावर ठेवलं. "मॅडम, एक फोन करा. डायरेक्टर तुमचं ऐकतात. एका मिनिटाचं काम हाय."

त्यांचा हात आला. या वेळी कागदापर्यंत आला. "ठेवा, मी ब..." म्हणाल्या आणि तोंड गच्च मिटलं. कपाळावर घाम आलेला. हात परत मांडीखाली.

"तुमी काय करायचं म्हणता?"

मग माझा तोलच सुटला. "पोरीची नोकरी चाललीय आन् तुमचं हेच चालू! त्या दिवशी बी मी फोन लावत बसलो, तुमचा नियम होता म्हणून. तुमच्यामुळं काशिनाथचे हात गेले!"

"हो," मॅडम म्हणाल्या. "माझ्यामुळं."

मला वाटलं आता बोलणं संपलं. पण त्यांनी हळूच विचारलं, "खंदारे, लाल बटण तुमच्यापासून किती लांब होतं?"

हाच तो प्रश्न. सुरुवातीला मी ज्याच्या भीतीनं जिना चढत नव्हतो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. चारला दहा कमी.

"चार पावलं."

चार पावलं रेश्मा चालली होती, मी चाललो नव्हतो, एवढाच तर फरक होता. मी पत्र उचललं आणि जिन्यातूनच डायरेक्टरांना फोन लावला. "सर, सूचना मी लावली, तिनं पाळली. पत्र काढायचं तर माझ्या नावानं काढा." त्यांनी फोन आपटला.

पत्र आलं, माझ्याच नावानं. ताकीद देऊन सोडलं. रेश्मा अजून आहे. तो वास कुठून आला होता, ते आजवर कळलेलं नाही.

त्या दिवशी फोन झाल्यावर लगेच मॅडमना सांगायला परत वर गेलो तर त्या फोन हातात धरून बसलेल्या. "डायरेक्टरांचा नंबर काढला होता," ओशाळून म्हणाल्या. "तुमी दोन मिनिटं उशीर केला असता तर लावलाच असता."

यंदा उन्हाळ्यात त्या नांदेडला दवाखान्यात होत्या. फार दिवस उरले नव्हते आणि ते त्यांना माहीत होतं. मला काही सुचेना, निघताना तोंडातून गेलं, "मॅडम, काय लागलं तर सांगा, मी बघतो."

त्या हसल्या. "बघता? मग एक बघा. मी दर महिन्याला काशिनाथकडं जायची. आता तुमी जात जा. समजूत घालू नका, नुसतं बसा."

म्हणजे ही बाई इतकी वर्षं जात होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी तर एकदाही गेलो नव्हतो.

मॅडम गेल्या त्या महिन्यात मी ताडकळसला गेलो. काशिनाथच्या अंगणात बाजेवर बसलो. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मी सांगून टाकलं, "काशिनाथ, त्या दिवशी बटण माझ्यापासून चार पावलांवर होतं."

"ठावं हाय की साहेब," तो म्हणाला. "मी तितंच हुतो."

मला रडू आलं. त्यानं ते न बघितल्यासारखं केलं आणि चहाचं पातेलं दोन्ही मनगटांत धरून उचललं. पातेलं हलायला लागलं. माझा हात पुढं गेला, "ठेव, मी..."

"ऱ्हाऊ द्या, व्हतंय मला."

मी दोन्ही हात मांडीखाली घातले. थोडा चहा बशीत सांडला, थोडा जमिनीवर. पण कप भरला.