करवंदीच्या जाळीपल्याड

पूर्णा गावातल्या गोदामात ट्रकमध्ये खोकी चढवणाऱ्या जिव्या करवंदेने बाप पाहिलाच नव्हता म्हणायचं. तो दोन वर्षांचा असताना बाप रामू वीटभट्टीवर तापाने गेला. फोटो कुठला असायला!

मुलगी दिपिकाचा नर्सिंगला नंबर लागला. तिच्या जात पडताळणीला आजोबांचा शाळेतला जुना दाखला हवा होता. जिव्याने रजा टाकली, एसटी पकडली आणि गणेशपुरीपलीकडच्या आपल्या पाड्यावरची शाळा गाठली. तिथल्या शिक्षिका मनिषाबाईंनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं.

"हे बघा. रामू काळ्या करवंदे, जात वारली. जून एकोणीसशे एकोणपन्नासला दाखल. वर्षभराने शाळा सोडली. कारण, गुरे राखण्यास गेला."

"आजून काय लिवलंय, बाई?"

"प्रगती साधारण. वर्तणूक चांगली."

जिव्याने तेवढी ओळ त्यांना पुन्हा वाचायला लावली.

दाखला मिळाला, तरी त्याचा पाय निघेना. पाड्यात दुसरं कुणी करवंदे नव्हतं. मग हे आडनाव आलं कुठून? तो ठकुबाईकडे गेला. ती रामूची चुलत बहीण, ऐंशीच्या घरातली. दारात बसून वाल सोलत होती.

"आडनाव तवा कुनाला व्हतं रं?" ती म्हणाली. "तुजा आजा रामूला घेऊन शालंत गेला. मी बी मागनं गेलती. गुरुजींनी आडनाव इचारलं, तं आजा गप. मंग इचारलं, ऱ्हातो कुठं? आजा बोलला, करवंदीच्या जालीपल्याड. गुरुजींनी तेच लिवलं."

"ती जाळी कुठं हाय?"

ठकुबाई काठी टेकत त्याला ओढ्याकाठी घेऊन गेली. तिथे कुणाच्या तरी फार्महाऊसची भिंत होती, वर काचा लावलेल्या. जिव्या भिंतीला हात लावून उभा राहिला.

"आत्या, बाप दिसायला कसा व्हता?"

म्हातारीने बराच वेळ आठवून पाहिलं. "बुटका व्हता. हसायचा लई. तोंड मातुर... न्हाय रं येत डोल्यापुढं."

दिपिकाचं काम झालं, कॉलेजही सुरू झालं. जिव्या पुन्हा ड्युटीवर लागला. रामू असता तर आज त्र्याऐंशीचा असता. पूर्ण्याच्या रस्त्यावर एखादा बुटका, हसरा म्हातारा समोरून आला, की जिव्याची पावलं आपसूक मंदावतात. म्हातारा निघून जाईपर्यंत तो त्याच्याकडे बघत राहतो.