जिभेची डावी बाजू

निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा धुरकट गोडसर वास मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात मिसळला, की अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्या आणि तिथली चंपाषष्ठी आठवते. नैवेद्याचा स्वयंपाक आमच्याकडे चाखायचा नाही; माझी पत्नी सुमन त्या दिवशी मीठ घालायची ते हाताच्या भरवशावर. तो भरवसा मी मोडला.

नव्वद सालाच्या आसपास माझ्या डाव्या कानाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर घास मातीसारखा लागू लागला. मी रोज म्हणे, "अळणी झालंय." ती चाखून म्हणे, "बरोबर आहे की हो!" पण चंपाषष्ठीला चाखायची सोय नव्हती. माझ्या धाकाने तिने भरतात मीठ वाढवले. धाकटा भाऊ ठसकत म्हणाला, "वहिनी, कल्याणची खाडीच उपसून आणलीत की!" सगळे हसले. मीही.

पुढे बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराकडे गेलो. त्याने चौकोनी बॅटरी पुढे केली. "जबान लगाओ साईं, दम है कि नहीं पता चलेगा." मी डावीकडून जीभ लावली, काहीच नाही. "खलास है," मी म्हणालो. त्याने स्वतः लावली आणि दचकून हसला, "खलास? अरे, करंट मारता है!" मग मी उजवीकडून लावली, आणि आंबट-खारट, तांब्यासारखी एक तीक्ष्ण लहर जिभेवरून अशी धावली, की कित्येक महिन्यांनी काहीतरी चाखल्याच्या आनंदाने डोळे भरून आले.

चवीची एक बारीक नस कानातून जाते, ती दुखावली आहे, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. उजवी दाढ काढल्यापासून मी घास डावीकडेच घोळवत होतो.

सुमनला सांगताना मान वर होईना. तिने मात्र बॅटरीला जीभ लावून पाहिली, "अगं बाई!" म्हणून किंचाळली आणि हसत सुटली. मग म्हणाली, "भावजींना सांगू नका. तुम्हालाच चिडवत बसतील."

मी सांगितले नाही. हळूहळू चव परतली, बदलापूरला घर झाले. खाडीचा विनोद मात्र दर चंपाषष्ठीला पानावर वाढला गेला आणि तिने तो हसत घेतला. तिच्या हाताला लागलेला तो बोल माझ्या जिभेचा होता.

काल भावाला फोन करून हे सारे सांगितले. तो म्हणाला, "वहिनीला दे." ती फोन घेऊन गॅलरीत गेली. दोघे काय बोलले ते मी विचारले नाही. उन्हात पाठमोरी उभी राहून ती किती वेळ हसत होती, एवढेच पाहत राहिलो.