भेगसरांचा चर

भेगसर कुणाच्याही लग्नाला गेले की आधी विचारायचे, गावात नवी विहीर कुठे खणताहेत? मग इस्त्रीच्या शर्टासकट काठावर पालथे पडून आतले थर बघत बसायचे. पंगत उठायची, तरी सर विहिरीवरच. अकोल्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर भूशास्त्र शिकवलं. जमिनीत भेग दिसली की माणूस हरखून जायचा, म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव ठेवलं. त्यांना ते आवडायचं.

न आवडणारं वाक्य एकच होतं, ‘वऱ्हाडात कुठं भूकंप होतो?’ लगेच भडकायचे. “तुह्या आज्यानं पाह्यला नाही म्हनून झालाच नाही का? जमिनीले इचार ना बावा!”

धारणीकडच्या एका गावाबाहेर मुलींचं वसतिगृह मंजूर झालं. जागा डोंगराच्या पायथ्याशी, एका लांबलचक सरळ उंचवट्यावर. तो उंचवटा पाहूनच सरांना खाली भेग असल्याची शंका आली आणि ते अमरावतीत आमच्या संघटनेकडे आले. मी तिथे पत्रकं लिहायचे. गावकऱ्यांना घेऊन आम्ही उंचवट्याला आडवा, पुरुषभर खोल चर खणला. सर रोज खुरप्यानं चराची भिंत तासायचे, प्रत्येक थराच्या कडेला खिळे ठोकून रंगीत दोरा बांधायचे. येणारे-जाणारे टोमणा मारायचे, “सर, धन सापडलं का?”

“सापडलं ना. कोनालेच नको असं!”

एका उभ्या रेघेवर सगळे थर तुटून खाली सरकले होते, दोऱ्यांवरून ते स्पष्ट दिसत होतं. वरचा थर एक हात घसरलेला, त्याच्या खालचा दोन हात. म्हणजे इथली जमीन एकदा नव्हे, दोनदा फाटली होती. कधी, ते भिंतीतला जुना कोळसा तपासल्यावर कळणार होतं. सरांनी अर्ज लिहिला: कोळशाचं वय कळेपर्यंत पाया घालू नका, इमारत या रेघेपासून दूर न्या.

मला तो अर्ज मिळमिळीत वाटला. मी पत्रक काढलं: ‘पाच वर्षांत वसतिगृह गाडलं जाणार!’

सरांनी ते दोनदा वाचलं. “काहून व पोरी, पाच वर्षं कोनं सांगतली तुले?”

“सर, लोक हलायला पाहिजेत ना!”

“जमीन दोनदा फाटली, हे तिची जबानी हाय. पुन्हा कधी फाटन, हे तिनं सांगतलं नाही. तिच्या जबानीत तू तुहं काहून घालून राहिली?”

पत्रकं तोवर वाटून झाली होती. अर्जावर सरकारी कचेरीत बैठक झाली, तिथे बांधकाम खात्याच्या साहेबांनी चराचा एकही फोटो पाहिला नाही. माझं पत्रक वर धरून म्हणाले, “मॅडम, तारीख-वारही छापायचा ना!” सगळे हसले. “तो आकडा सोडा साहेब, एकदा भिंत पाहा,” सर उभे राहून विनवत होते. अर्जावर ‘अफवा’ एवढाच शेरा पडला. आठवड्याच्या आत, जनावरं पडतात म्हणून, जेसीबीनं चर बुजवला. कोळसा भिंतीतच राहिला.

निर्लज्ज होते ते कचेरीतले लोक. पण त्यांच्या हातात कोलीत मी दिलं. सर मला त्यावरून एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

इमारत त्याच रेघेवर उभी राहिली, मुली राहायला आल्या. मग सर दर महिन्याला अकोल्याहून एसटीनं तिथे जायचे, कशासाठी तर मागच्या दाराचं कुलूप काढा म्हणायला. वॉर्डनबाई वैतागायच्या. “पोरी पयाल्या तर जबाबदार कोन, सर?”

“बाई, जमीन हालली तं पयाल्याच पाह्यजेत त्या!” सर हात जोडायचे.

यंदा उन्हाळ्यात सर गेले. जायच्या आधी दवाखान्यात मला म्हणाले, “त्या दाराचं पाह्य व.” आता मी जाते. अर्ज देते, पोच मागते, भांडते, रडूनही पाहिलं. बाई चहा देतात.

गेल्या सोमवारी गेले होते. मागच्या दाराला आता जास्तीच्या गाद्या टेकवून ठेवल्या आहेत, छतापर्यंत. कुलूप दिसतसुद्धा नाही.