दर तासाला येणारा वाचक

आपण काय वाचलं, कधी वाचलं, हे समोरच्याला कळतं, याचा मला व्हॉट्सॲपवर नेहमी त्रास व्हायचा. कॉलेज संपवून बेंगळुरूहून बिदरला परत आले, घरातूनच नोकरी करू लागले आणि एकेक ग्रुप सोडत गेले. का सोडला, असं कुणी विचारलं नाही. त्याचंही वाईट वाटलं.

तेव्हा फीड रीडर बसवायचं मनात आलं. आपण निवडलेल्या साइटवर नवीन काही आलं की ते एका पानावर गोळा करून ठेवणारा प्रोग्राम. ओपन सोर्स, आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारा, ब्राउझरमध्ये उघडणारा. वाचणाऱ्यावर कुणाची नजर नाही. मला तेवढंच हवं होतं.

घरी जास्तीचा कॉम्प्युटर नव्हता. अप्पा बिदरला लागूनच असलेल्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत डाळीच्या एका गोदामाचं काम बघतात. तिथल्या ऑफिसात, वजनकाट्याच्या खिडकीजवळ, एक जुना डेस्कटॉप दिवसभर चालू असायचा. त्यावर बसव म्हणाले. एका शनिवारी जाऊन बसवला. सगळं नीट झालं, पण पान रिकामंच. दर तासाला जाऊन नवीन मजकूर घेऊन ये, हे प्रोग्रामला वेगळं सांगावं लागतं, आणि मी तेच विसरले होते. अप्पा दोनदा मागे येऊन उभे राहिले, रिकाम्या पानाकडे बघून गेले. संध्याकाळी चूक सापडली. लातूरकडच्या बातम्या आल्या, बाजारभाव आले, आणि चाचणीसाठी घातलेला माझा स्वतःचा ब्लॉगही आला. सारखं उघडावं लागू नये म्हणून त्या ब्राउझरचं पहिलं पान मी तेच करून ठेवलं.

ब्लॉगवर माझं नाव नव्हतं. तो मराठीत होता, कारण माझ्या कंपनीत कुणाला मराठी येत नव्हती, आणि घरचे असलं काही वाचत नव्हते. मी शिकले इंग्रजीत, शाळेत दुसरी भाषा कन्नड, देवनागरी हिंदीच्या तासाला गिरवलेली. मराठी फक्त घरात, जेवताना. त्यामुळे लिहिताना प्रत्येक वाक्य दोनदा तपासायची. लिहायची तरी काय, तर कॅमेरा बंद ठेवून मीटिंगमध्ये खाल्लेली भाकरी, गच्चीवरचे कपडे, आवाज न फुटता गेलेला दिवस.

पुढे पगारातून एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. ब्लॉग जुन्याच नावाने तिथे हलवला, नवा रीडरही तिथेच बसवला, आणि कोळारचा विसरून गेले.

सर्व्हरवर कोण आलं, काय मागितलं, हे दिसतं. माझ्या ब्लॉगवर दोघंच यायचे. एक माझा रीडर. दुसराही कुणाचा तरी रीडरच, पण कुणाचा ते कळत नव्हतं. दिवसभर दर तासाला यायचा, रविवारी नाही. त्याचा इंटरनेटवरचा पत्ता शोधला तर हैदराबाद दाखवायचा.

मला कुणीतरी वाचत होतं. हैदराबादेतली एखादी बाई असेल, असं मी ठरवून टाकलं. रविवारी तिला घरकाम असेल. तिला कंटाळा येईल म्हणून लांबलेलं वाक्य मी तोडायची. तिला आवडेल म्हणून एखादी गंमत राखून ठेवायची. कंपनीतलं काम संपलं की आधी ती आली का ते बघायची. त्या दिवसांत मी खूप लिहिलं.

मग एकदा जेवताना अप्पा आईला सांगत होते की आज कोळारला सकाळपासून करंट नव्हता, सगळे बसून होतो. माझा घास तसाच राहिला, कारण हैदराबादची बाईसुद्धा त्या दिवशी आली नव्हती. नंतर नीट बघितलं. प्रोग्रामचं व्हर्जनही मी कोळारला बसवलेलं, तेच जुनं. रविवारी ऑफिस बंद असतं. इंटरनेट कंपनीचा पत्ता हैदराबादचा असेल, एवढंच.

म्हणजे इतके महिने मी माझ्याच प्रोग्रामसाठी लिहीत होते. त्यानंतर लिहिणं थांबलं. काही आठवड्यांनी, तो निदान बंद तरी करावा म्हणून, अप्पांबरोबर कोळारला गेले.

कॉम्प्युटरसमोर वजनाच्या पावत्या करणारी अक्का बसली होती. अप्पांपेक्षा थोडी लहान, डब्यातलं अर्धं दुसऱ्याला दिल्याशिवाय न जेवणारी. मला खुर्ची देत म्हणाली, "बस की. पेपर बघायलीस व्हय? मी बी दुपारी त्येच उघडते, गाड्या नसल्या की."

पानावर न वाचलेलं काहीच उरलं नव्हतं. प्रोग्राम मजकूर नुसता आणून ठेवतो. वाचल्याची खूण माणसाने उघडल्यावरच होते.

बाजारभाव तिला नको होते, ते दिवसभर ऐकावेच लागतात म्हणाली. बोट ठेवलं ते माझ्या ब्लॉगवर. "ही एक पोरगी हाय बघ. नाव न्हाई, गाव न्हाई."

"काय लिहिते?" मी विचारलं.

"काय न्हाई गं. जेवली, कपडे वाळू घातली, कुणी बोललं न्हाई. त्येच त्येच. मराठी बी शाळेतल्यावानी." ती हसली. "लई एकटी हाय. येवढं लिहिण्यापरीस शेजारणीला दोन शब्द बोलली असती तर?"

मी उगाच ते पान वर-खाली सरकवलं. कान तापले होते.

"आता थांबली," अक्का म्हणाली. "कामून थांबली कुणाला ठाव. बरी असली म्हंजे झालं."

सांगता आलं असतं. ती खुर्ची ओढून अजून जवळ बसली असती, डबा उघडला असता. पण मग प्रत्येक ओळ तिने माझं तोंड आठवून वाचली असती, आणि मला तिथे एक ओळही लिहिता आली नसती. बाहेर ट्रकने हॉर्न दिला. उठता उठता तिने विचारलं, "बंद करायलीस का ते?"

"नाही," मी म्हणाले. "नवीन व्हर्जन टाकायला आले."

ती काट्याकडे गेली. मी खरंच नवीन व्हर्जन टाकलं, आणि तासाचं काम चालू आहे ना, ते दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ब्लॉगवर लिहिलं. बरी आहे, मध्ये लिहावंसं वाटलं नाही, कालपासून वारा खूप आहे आणि कपडे गच्चीवरून खाली येतात, असं. अक्काबद्दल तिथे काही लिहिता येत नाही. म्हणून ते इथे.

तासाभरात कोळारचा प्रोग्राम आला आणि ते घेऊन गेला. दुपारी गाड्या होत्या की नव्हत्या, हे मला सर्व्हरवरून दिसत नाही.